सोमकेताचं दुसरं बारसं

एका राज्यात दोन कमानी होत्या. एक राजवाड्याच्या अंगणात, दुसरी सात डोंगरांपलीकडच्या गडावर. कालंजन मांत्रिकाने बांधलेल्या. इकडच्या कमानीत पाऊल टाकावं, पापणी लवते न लवते तो माणूस तिकडून बाहेर. राजा शतधन्वा रोज दरबार आटोपून गडाची हवा खायला असाच जाई. राजाच तो, त्याला कोण विचारणार?

त्याचा दूत सोमकेत. त्याच्याही कितीक खेपा झालेल्या. एकदा तो कमानीत शिरला, गडावर पोहोचला, आणि इकडेही तसाच उभा राहिला. कमान बंद पडल्यामुळे गडावरचा घोड्यावरून परतला तेव्हा दोघे समोरासमोर आले. आता आली का पंचाईत!

"एका नावाला एकच मुंडकं," राजा म्हणाला. "खोटा निघेल त्याचा शिरच्छेद."

तीन कसोट्या ठरल्या. पहिलीत दोघांनी बालपणीच्या खोड्या सांगितल्या, शब्दाला शब्द जुळला. दुसरीत सोमकेताच्या घोडीने दोघांच्याही खांद्यावर मान टेकली. तिसरीला सगुणाआत्याला बोलावलं. पोरक्या सोमकेताला तिनेच वाढवलेलं, पाळण्यात घालून कानात नावही तिनेच सांगितलेलं.

"ओळखा, आत्याबाई."

तिने दोघांचे चेहरे चाचपले. "दोघे माझेच, महाराज. मरायला कोणाकडे बोट दाखवू?"

राजाने तलवार मागवली. तेवढ्यात कमानीवरची साळुंकी बोलली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, त्यात नवल नव्हतं.

"महाराज, कालंजनाचा शाप आहे, कमान माणसाला नेत नाही. इथे जाळते, तिथे तसाच दुसरा घडवते. त्या दिवशी आग विझली, म्हणून हा उरला. खरा तर पहिल्याच खेपेला गेला. खाली राख आहे, बघा. तुमचीही आहे."

आत्या राखेशी जाऊन बसली. "माझं पोर मेलं, आणि मी सुतकसुद्धा पाळलं नाही," म्हणून रडली. दोघांनी तिला दोन बाजूंनी सावरलं.

मग तिने डोळे पुसले, राखेला पाणी दिलं आणि सोमकेत हे नाव राखेलाच ठेवलं. "गेला तो गेला. पण हे दोघे जितेजागते समोर आहेत. पाळणा आणा."

दाढीमिशावाल्यांचं बारसं! लोक आधी हसले, मग पाळणा धरायला पुढे झाले. दोघे पाळण्याशी वाकले. आत्याने एकाच्या कानात सुकेत म्हटलं, दुसऱ्याच्या जयकेत.

राजा तलवार ठेवून खाली उतरला.

"आत्याबाई, मग मी कोण?"

"मला काय ठाऊक, महाराज? इतकी वर्षं आम्ही तुम्हालाच राजा म्हणतोय."

"माझंही बारसं कराल? माझी आत्या कधीच वारली."

तो वाकला. आत्याने कानात सांगितलं, "शतधन्वा. हे नाव मागायला दुसरं कोणी उभं नाही. तुम्हीच सांभाळा."

गेलेल्यांना पाणी आणि उरलेल्यांना नाव मिळालं. कालंजनाचा शाप तेवढ्यावरच अडला होता, तो सुटला. दोन्ही कमानी ढासळल्या. पुढे राजा गडावर जाई तो घोड्यावरून. रस्ता लांबचा, अंग आंबून जाई. पण निघालेला आणि पोहोचलेला एकच असे.