तिसरा ससा

धप्... धप्... धप्...

ससा भ्यायला की मागचा पाय असा आपटतो. पण त्या दुपारी अकराच्या अकरा ससे एकदम आपटत होते. दार बंद. मांजर नाही, साप नाही...

खूप वर्षं झाली. तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हा मी प्रयोगशाळेत ससे सांभाळायचो. आवाज ऐकून गुंजाळबाई आत आल्या. मोठ्या शास्त्रज्ञ, पण सशांच्या खोलीत येताना चपला बाहेर काढायच्या.

“बारकूमामा, कशाला भ्याले हे?”

“कळत नाही, बाई.”

मागून त्यांचा विद्यार्थी नीरज आला, हातात धाग्याचं रीळ घेऊन. त्याने आत पाऊल टाकलं आणि ससे गप्प झाले. सगळे.

तो धागा नीरजने जिवाणूंपासून केला होता. टाकीत त्यांना साखर भरपूर द्यायची, बाकीचं अन्न तोडायचं. मग भुकेच्या धास्तीने ते अंगात चरबीसारखे दाणे साठवतात. त्यांना फोडून ते दाणे काढायचे आणि त्यांचा धागा ओढायचा. माणसाच्या अंगात तो हळूहळू विरघळून जातो.

सोमवारी त्या धाग्याने पाच महिन्यांच्या एका मुलीचं काळीज शिवायचं होतं.

त्याआधी धागा भिजवलेलं पाणी तीन सशांना टोचून बघायचं. मेलेल्या जिवाणूंचा कणभर अंश जरी धाग्यात उरला, तरी ससा तापतो; मग तो धागा माणसाला चालत नाही.

दोन ससे बरे होते. तिसरा तापला होता.

“मॅडम, याला सकाळपासूनच, टोचायच्या आधीच ताप होता. हो ना, मामा?”

मी खाली बघितलं. सकाळी मीच त्याला मांडीवर घेऊन गवत भरवलं होतं. चांगला होता.

बाईंनी मला काही विचारलं नाही.

“धागा पुन्हा धुऊन घे, नीरज.”

“आठ दिवस जातील!”

“डॉक्टर म्हणालेत, मुलगी थांबू शकते.”

“मुलगी थांबेल हो. पण दुसऱ्या लॅबचा धागा तयार आहे. माणसाला पहिला धागा त्यांचा लागेल.”

“लागू दे.”

“मी तीन वर्षं...” त्याचा आवाज चढला. “उपाशी ठेवलं, फोडलं, सात वेळा धुतलं. आता यात काही उरलेलं नाही.”

“किती जिवाणू होते रे?”

“मोजता येतात का, मॅडम? आजवर जन्मलेल्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त.”

“आणि सगळे मेले?”

“सगळे.”

“नक्की?”

तो हसला. “मीच मारलेत ना.”

बाईंनी तिसरा ससा उचलून छातीशी धरला. तो थरथरत होता. मग त्यांनी नीरजचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा सशाच्या तापलेल्या पोटाखाली नेऊन ठेवला.

...

नीरजने हात ओढून घ्यायला पाहिलं. बाईंनी सोडला नाही. त्याच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरत गेला.

“सगळे मेले ना?” बाई अगदी हळू म्हणाल्या. “मग हे कोण आलंय?”

नीरजने हात काढून घेतला. रीळ मुठीत घट्ट धरलं आणि तो धुण्याच्या खोलीकडे निघून गेला.