तिवरखेडीची चूल

गाव आहे की नाही हे बाहेरच्या अधिकाऱ्याने ठरवायचे आणि गावातल्याच कुणी ते खोडून काढायचे, या कथेची बरीच रूपे आढळतात. कुठे कोंबड्याची बांग साक्षीला येते, कुठे झिजलेला उंबरठा. तिवरखेडीच्या रूपात ते काम चुलीने केले आहे.

सुगीत अख्खे गाव दूरच्या रानात गेले होते. मागे राहिली होती ती गुडघ्यांनी अधू झालेली सगुणाबाई; आपल्याही दाराला कडी घालून ती पारावर बसली होती. भर दुपारी मामलेदार आला. अकराही दारांना कड्या पाहून तो कारकुनाला म्हणाला, "लिहा, वस्ती नाही, दिवा लागत नाही. गाव बेचिराग." एवढ्यावर गावाचे नाव दप्तरातून उडणार आणि गायरान शेजारच्या गावाकडे जाणार, हे सगुणाबाईला ठाऊक होते.

"रावसाहेब, माणसं कापणीला गेलीत. सांजच्याला येतील."

मामलेदार एका दाराच्या फटीतून डोकावला. "कुठली माणसं, म्हातारे? चूलसुद्धा गार आहे."

"हात लावून बघितला का?"

तिने कडी काढली. मामलेदाराने ऐटीत राखेत बोट खुपसले आणि झटक्यात ओढून तोंडात घातले. संध्याकाळी चूल फुंकता यावी म्हणून तिथल्या बाया सकाळी निखारे राखेखाली पुरून जात.

सगुणाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. "गाव ओस आहे असंच लिहा, रावसाहेब. फक्त ओस गावात आपलं बोट कुणी भाजलं, तेवढं खाली लिहा."

मामलेदार तिथेच थांबला. दिवेलागणीला माणसे परतल्यावर त्याने ती दारोदार मोजली आणि तिवरखेडीपुढे लिहिले : घरे अकरा, माणसे त्रेपन्न.