रांजणातल्या राजाचे तीन विडे

सांगा बरं मंडळी, जो माणूस दोन हातांनी डोंगर हलवतो, त्याला सगळ्यांत जड काय जात असेल?

एका राज्यात शूरमल्ल नावाचा महाबली राहत होता. एकदा ताकदीच्या तोऱ्यात त्याने गदा फिरवली आणि एका जोगिणीची झोपडी भुईसपाट केली. जोगीण म्हणाली, "तुझ्या दोन्ही मुली दगड होतील. राजा तुला तीन कामं सांगेल. भर दरबारात त्याच्या तोंडून तीनदा 'काम झालं' असं निघेल, तेव्हाच त्या उठतील."

शूरमल्ल घरी धावला. मंजिरी आणि केतकी अंगणात दगड होऊन बसल्या होत्या.

त्या राज्याची रीत अशी, की अवघड काम निघालं की दरबारात तबकात विडा मांडायचा. जो विडा खाईल, काम त्याचं. त्यात लहानथोर भेद नाही.

राजा चंद्रकेतू भारी भित्रा. सिंहासनामागे त्याने एक रांजण ठेवला होता. जरा खुट्ट झालं की स्वारी आत.

पहिला विडा काळवनातल्या सिंहाचा. त्याच्या कातड्याला शस्त्र लागत नसे. शूरमल्लाने विडा खाल्ला, नुसत्या हातांनी सिंहाची मान मुरगळली आणि तो खांद्यावर टाकून दरबारात आणला.

"महाराज, सिंह आणला."

रांजणातून आवाज आला, "मेला आहे का?"

"मेला आहे."

"आम्ही कुठे पाहिला? न पाहिलेलं काम झालं असं कसं म्हणावं?"

"मग बाहेर येऊन पाहा!"

"सिंह असताना?"

शूरमल्लाने कपाळावर हात मारला.

दुसरा विडा हत्तीखान्याचा. तीस वर्षांची लीद, छताला टेकलेली. शूरमल्लाने नदीला बांध घातला, तिचा प्रवाह आतून वळवला. संध्याकाळपर्यंत फरशी लखलखली.

राजा नाक दाबून म्हणाला, "हे तर नदीनं केलं. तिला पाठव, तिला म्हणू काम झालं."

शूरमल्लाच्या खांद्यावर एक बोलकी साळुंकी बसत असे. ती म्हणाली, "मल्लोबा, रांजण फोडू या का?"

"गप गं. रांजण फोडता येईल. याच्या तोंडून दोन शब्द कसे काढू?"

घरी जाऊन त्याने मुलींच्या दगडी केसांवरची धूळ पुसली आणि परत दरबारात आला.

तिसरा विडा पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचा. राजा स्वतःच वर्णन करू लागला. "त्याच्या तिन्ही तोंडांतून जाळ निघतो. त्याच्या शेपटीला नाग आहे. तो माणसं..." बोलता बोलता राजाच घाबरला. घाबरला की काहीतरी चघळायची त्याला खोड. हात तबकात गेला आणि विडा तोंडात.

सगळा दरबार रिकाम्या तबकाकडे वळला.

साळुंकी ओरडली, "खाल्ला! महाराजांनी खाल्ला!"

वृद्ध प्रधानांनी हात जोडले. "महाराज, काम आपलं."

"मी थुंकून टाकतो!"

"विडा थुंकला तर सिंहासन जातं."

राजा रडकुंडीला आला. "मल्ला, माझ्याऐवजी तू जा ना रे!"

प्रधान म्हणाले, "जाता येईल. पण ज्याचे आधीचे विडे पुरे झाले नाहीत, त्याला दुसऱ्याचा विडा पत्करता येत नाही."

शूरमल्ल कितीतरी दिवसांनी खाली बसला. चांगली मांडी घालून बसला. म्हणाला, "मला काही घाई नाही, महाराज. पाताळाची वाट उत्तरेला आहे. जोडे घालून जा, खाली निखारे आहेत."

"सिंहाचं काम झालं!" राजा किंचाळला. "हत्तीखान्याचंही काम झालं! आता ऊठ!"

शूरमल्ल उठला. सातव्या दिवशी तो कुत्र्याला कान धरून ओढत आला. कुत्र्याने तिन्ही नाकांनी रांजण हुंगला.

आतून आवाज आला, "काम झालं! अरे, काम झालं! घेऊन जा त्याला!"

कुत्र्याला पाताळात सोडून शूरमल्ल धावत घरी पोचला. मंजिरी अंगणात उभी होती. केतकी डोळे चोळत म्हणाली, "बाबा, तुमच्या अंगाला कसला वास येतोय?"

त्याने दोघींना उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीने भूक लागली म्हणून भोकाड पसरलं आणि शूरमल्लाने चूल पेटवली.