पायातला कलश

ही गोष्ट सांगताना माझीच मान खाली जाते.

तेव्हा मी सरपंच होतो. माझ्या नव्या घराचा एक कोपरा खचला आणि फरशी इतकी उतरती झाली की पंगतीत आमटी पानावरून शेजारच्याकडे वाहायला लागली. मी चारचौघांत सुभाना गवंड्याला दरडावलं, “काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत, पुरुषभर खोल पाया खणून दिला होता मी. फरशी तूच वाकडी बसवलीस. फुकट सरळ करून दे, नाहीतर या गावात तुला काम मिळायचं नाही.”

सुभानाने हात जोडले. “करतो, आबासाहेब. फक्त एवढं सांगा, पायाभरणीचा कलश तळाशी तुम्हीच ठेवला होता ना?”

“मीच! अख्ख्या गावाने पाहिलंय.”

“मग एवढ्या खोल उतरायला शिडी कुणाच्या घरून आणली होती?”

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मी काठावर उकिडवा बसून, नुसता हात खाली घालून कलश ठेवला होता, हे सगळ्यांनाच आठवत होतं.

पुढच्या आठवड्यात सुभानाने तो कोपरा मुरूम लागेपर्यंत खणला. कलश पुन्हा तळाशी ठेवायला या वेळी खरंच शिडी लागली. ती मी सुभानाच्याच घरून आणली, स्वतःच्या खांद्यावर, भर गावातून.