एकानंच उभं राहायचं

"मग मी उभा कधी राहणार, सर?"

दहीकर सर बाकावर बसून शिट्टीच्या दोरीची गाठ सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा सारंग ढोमणे, नागपुरातल्या त्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा सहाय्यक कोच. हे त्याचं तिसरं कॉलेज, आणि तिन्हीकडे सहाय्यकच. बाटल्या भरा, पोरांची भांडणं सोडवा, समोरच्या संघाचे व्हिडिओ बघून डोळे फोडून घ्या, आणि सामना सुरू झाला की मुकाट बसा! कारण खेळाचा नियमच तसा. बाकापाशी एका वेळी एकाच कोचनं उभं राहायचं. आता मुख्य कोच असताना सहाय्यकाला कोण उभं राहू देतो?

"माझं ऐकतं कोण, सर? मुख्य कोचच्या कानाशी लागून सांगायचं, आणि त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवायचा."

"मीही हलवतो?"

"...तुम्हीही."

सर हसले. "हलवत असेन बाबा."

उमरेडच्या एका कॉलेजात मुख्य कोचची जागा निघाली होती. तिथले प्राचार्य संध्याकाळी दहीकर सरांना फोन करणार होते. पोरगा तयार आहे, एवढं सर म्हणाले की जागा सारंगची. सकाळपासून त्याला घास गोड लागत नव्हता.

"तयार आहेस?" सरांनी विचारलं.

"केव्हाचा!"

"मग आजची फायनल तू सांभाळ. तू उभा राहा. मी बसतो."

सारंगला आभाळ ठेंगणं झालं.

आणि खोटं कशाला बोला, पोरगा हुशार होता. त्यानं आखलेल्या चालींपुढे समोरचा संघ चक्रावला. सारंग ओरडत होता, टाळ्या पिटत होता, घामानं निथळत होता. मागे सर बाटल्या भरत होते, दमून आलेल्या पोट्ट्यांना टॉवेल देत होते.

मध्येच त्यांनी सारंगचा शर्ट ओढला. "यज्ञेशचे चार फाऊल झालेत. पाचवा झाला की बाहेर जाईल. थोडा वेळ बसव त्याला."

यज्ञेश संघाचा कणा. त्याला बसवायचं? भलतंच! सारंगनं मागे न बघताच हात हलवला.

थोड्या वेळानं शर्ट पुन्हा ओढला गेला.

"सारंग... यज्ञेश."

"थांबा हो, सर!"

शिट्टी वाजली. पाचवा फाऊल. यज्ञेश मान खाली घालून बाहेर आला, आणि मग संघाला सूरच सापडेना. हातातला सामना गेला. गेला तोही एका बास्केटनं.

मैदान रिकामं झालं. सारंग बाकावर येऊन बसला. बाटल्या गोळा करायचंही त्याला सुचलं नाही. त्या सरच गोळा करत होते.

"पोरांचा कप मी घालवला, सर."

सर बाटल्या गोळा करतच राहिले.

त्या शांतपणानं सारंगला भडभडून आलं, आणि रागही आला. "तुम्हाला दिसत होतं ना? मग उठून ओरडला का नाहीत? तुम्ही एक हाक मारली असती तर ऐकलं नसतं का मी?"

"एकानंच उभं राहायचं ना? तू उभा होतास."



सारंगला आपलाच हात आठवला. माशी हाकलल्यासारखा. त्यानं तो मांडीखाली दाबून धरला.

तेवढ्यात सरांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी कानाला लावला. "नमस्कार, प्राचार्य साहेब... हो, इथेच आहे तो."

पलीकडून प्रश्न आला. काय विचारलं असेल, ते सारंगला न ऐकताही कळलं.

सरांनी फोनवर तळवा ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. "काय सांगू त्यांना?"

सारंगचे ओठ हलले. आवाज फुटेना.

सर शेजारी बसले. वाकले, आणि आपला कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

"हळू सांग... मी ऐकतोय."