आत्याचं तोरण कुर्रम कुर्रम

एक करवंटी होती. पालथी! उंदरांनी तिला दार कुरतडलं. झालं घर! घरात दादा, वहिनी आणि त्यांचं बाळ. आणि बाळाची आत्या. केवढी? एवढुश्शी!

आज बाळाचं बारसं. आत्याने घर सजवलं. भिंतीला लाल लाल गेरू. उंबऱ्याशी तांदळाच्या पिठाची रांगोळी. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण.

तेवढ्यात शेळी आली. चर्रक मर्रक, तोरण गट्टम!

"अगं बाई!" आत्या रडायलाच लागली. "तोरण नाही, तर बारसं कसलं? आणि बारसं नाही, तर बाळाला नाव कुठलं?"

कावळा म्हणाला, "हे घे प्लॅस्टिकचं. चकचकीत!"

"नको रे बाबा! आमचं बाळ सगळं कुरतडतं. पोटात दुखेल ना त्याच्या!"

आत्या निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु!

"आंबेकाका, आंबेकाका, पान द्या!
तोरण होईल छान!"

"नाही देणार, जा! तहान लागलीय. आधी पाणी आण."

तुरुतुरु, तुरुतुरु!

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी द्या!
पाणी पिईल आंबा,
आंबा देईल पान,
तोरण होईल छान!"

"नाही देणार, जा! पाणी खोल खोल. आधी दोर आण."

तुरुतुरु, तुरुतुरु!

"माडआजोबा, माडआजोबा, काथ्या द्या!
काथ्याचा होईल दोर,
दोर ओढेल पाणी,
पाणी पिईल आंबा,
आंबा देईल पान,
तोरण होईल छान!"

"नाही देणार, जा! भूक लागलीय. आधी शेण आण."

शेण? ईईई! पण आत्या पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु!

"गाईमावशी, गाईमावशी, शेण दे!
शेण खाईल माड,
माड देईल काथ्या,
काथ्याचा होईल दोर,
दोर ओढेल पाणी,
पाणी पिईल आंबा,
आंबा देईल पान,
तोरण होईल छान!"

"नाही देणार, जा! पाठीला खाज सुटलीय. तुझी नखं इटुकली. शिंगवाली आण."

शिंगं कुणाला? शेळीला! तुरुतुरु, तुरुतुरु!

"शेळीताई, शेळीताई, पाठ खाजव!
गाय देईल शेण,
शेण खाईल माड,
माड देईल काथ्या,
काथ्याचा होईल दोर,
दोर ओढेल पाणी,
पाणी पिईल आंबा,
आंबा देईल पान,
तोरण होईल छान!"

"मला बारशाला बोलावशील?"

"बोलावीन. पण तोरण खायचं नाही हं!"

"नाही खाणार, नाही खाणार!"

मग काय, धमालच!

शेळीने पाठ खाजवली, खर्र खर्र!
गाय हसली खुदूखुदू, शेण पडलं थप्प!
माडाने खाल्लं शेण, काथ्या टाकला भप्प!
काथ्याचा झाला दोर,
दोराने ओढलं पाणी, डुबुक डुबुक!
आंबा प्यायला गटागटा,
पानं पडली सर सर सर!

दारात तोरण लागलं. तोरणाखाली पाळणा टांगला. आत्या बाळाच्या कानाशी वाकली.

"कुर्रर्र!"

सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. धप धप धप! आता आत्या नाव सांगणार, तोच आवाज आला.

कुर्रम कुर्रम!

सगळ्यांनी शेळीकडे पाहिलं.

"मी नाही बाई!" शेळी म्हणाली.

मग कोण? पाळण्यात पाहिलं. तोरणाचं टोक बाळाच्या तोंडात! कुर्रम कुर्रम, कुर्रम कुर्रम!

आत्या हसून हसून लोळली. "सापडलं! बाळाचं नाव कुर्रम!"

कुर्रमच्या पोटात दुखलं का? छे! त्याने हिरवीगार ढेकर दिली.

तोरण बाळाच्या पोटात, गोष्ट तुमच्या ओठात!