न शिजलेल्या वरणाचा प्रसाद

श्रीकेवलनाथ महाराज त्या वर्षी मोजक्या शिष्यांसह केदारच्या वाटेवरील धारगाव नावाच्या चिमुकल्या खेड्यात उतरले होते. खूप बर्फ पडून नुकतंच उघडलं होतं. गावकरी बजावत होते, "जुन्या घट्ट बर्फावर नवा भुसभुशीत बर्फ साचलाय. तो नीट बसेपर्यंत समोरचा उतार ओलांडू नका."

मंडळींत दाजीशास्त्री होते. विद्वान खरे, पण ताठा विचारू नका! ते म्हणाले, "सकाळचा मुहूर्त मी काढलाय. बर्फाला काय पंचांग कळतं?"

झालं! सगळे वळकट्या बांधू लागले. भिवराबाई तेवढ्या चुलीपाशीच. ही भोळी म्हातारी महाराजांना वरणभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय पाऊल उचलत नसे. आणि त्या उंचीवर तुरीची डाळ काही केल्या शिजेना!

"अहो, डाळ शिजवताय की दगड?" शास्त्रीबुवा खेकसले. "तुमच्यापायी यात्रा बुडायची!"

बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "महाराज, तुम्ही व्हा पुढं. मी राहते मागं."

महाराज म्हणाले, "वरण झाल्याशिवाय आम्ही हलणार नाही."

"मग बसा!" उपरणं झटकून शास्त्रीबुवा एकटेच निघाले.

ते उतारावर पोहोचतात न पोहोचतात तोच धडधडाट झाला. अख्खा उतार सुटला हो! इकडे महाराजांनी एकदम हात वर करून मूठ आवळली. कुणालाच काही कळेना.

गावकरी फावडी घेऊन धावले. पाहतात तो काय! चहूकडे बर्फ, मधोमध शास्त्रीबुवांचं डोकं आणि त्यावर ताठ उभी शेंडी! ते ओरडत होते, "अरे, शेंडी कोण ओढतंय? सोडा! नको, नको, सोडू नका!"

त्यांना उकरून आणलं, तेव्हा महाराजांनी मूठ उघडली. आत पिकलेले दोन-चार केस!

शास्त्रीबुवांनी महाराजांचे पाय धरले. महाराज हसून म्हणाले, "आमच्या नव्हे, भिवराबाईंच्या पाया पडा. डाळ वेळेवर शिजली असती तर सगळेच तुमच्यासोबत असते. मग आम्ही शेंड्या किती धरणार? हात दोनच!"

शास्त्रीबुवांनी म्हातारीपुढे लोटांगण घातलं. भक्तहो, भोळ्या भावापायी देव असा राबतो! तिनं लाजत पान वाढलं. डाळ अजून टणकच होती. ती कडाकडा चावत, डोळे पुसत शास्त्रीबुवा म्हणाले, "बाई, आणखी वाढा. आणि बर्फ बसेपर्यंत रोज अशीच करा!"